बडगी एकाला, दांडा दुसऱ्याला

बडगी एका भावाला आणि दांडा दुसऱ्या भावाला, असा न्याय ज्या पंचांनी केला त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. त्यातले बहुतेक आता हयात नाहीत. तरीही नाही.

ज्यांना बडगी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडाचा ओंडका कोरून केलेलं ते लांबट, खोलगट भांडं असतं. भाजलेली वांगी त्यात घालायची आणि लाकडी दांड्याने ठेचायची. आमच्या खानदेशात भरीत होतं ते असं. सुरीने चिरलेलं, वाटीने चेचलेलं किंवा मिक्सरमधून फिरवलेलं जे काही असेल ते असो, ते भरीत नव्हे. एकदा एका बाईंनी मला वांग्याच्या भरतात दही आणि साखर घालून वाढलं होतं. मी पाहुणी होते म्हणून गप्प बसले.

माझं माहेर जळगावचं, सासर पारोळ्याजवळच्या एका गावातलं. आमचे हे धुळ्याला कचेरीत होते आणि शनिवारी गावी यायचे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी सासरीच राहिले. सासू-सासरे आधीच गेलेले. घरात थोरले दीर, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, आणि थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणायची. स्वयंपाक मी खरा अक्काकडे शिकले. माहेरी शिकले ती पोळी. कळण्याची भाकरी तिची. ज्वारी दळायला देताना त्यात सालीसकट उडीद आणि थोडं मीठ टाकायचं, म्हणजे भाकरीला जीव येतो. रात्री रोज तुरीच्या डाळीची खिचडी, वरून शेंगदाण्याचं कच्चं तेल आणि चुलीत भाजलेला पापड. खिचडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे धडधाकट माणसं दिवसभर शेतात राबून रात्री खिचडी खातात आणि शांत झोपतात.

हिवाळा लागला की भरीत. पांढरट हिरवी, हातभर वांगी. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा आणि वांगी थेट त्यात टाकायची. सोबत हिरव्या मिरच्याही भाजायच्या. साल काढून गरमगरम गर बडगीत, त्यावर मिरच्या, लसूण, मीठ. अक्का ठेचायची आणि मी हाताने बाजूचा गर मध्ये सारायची. दांडा वर गेला की माझा हात आत, दांडा खाली आला की हात बाहेर. माझं बोट कधी सापडलं नाही. मग तेलात जिरं, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची भरपूर पात, आणि त्यात हे ठेचलेलं वांगं. फोडणी घातलेलं भरीत पुन्हा बडगीत ओतायचं आणि तिथूनच वाढायचं.

पुरुष जेवून उठले की बडगी आमची. जी ठेचते आणि जी सारते, त्या दोघींनीच बडगी पुसायची असा त्या घरातला रिवाज होता. लाकडाच्या खाचांत अडकलेलं तेल, लसूण, खरपूस दाणे, सगळं भाकरीच्या तुकड्याने पुसून खायचं. मागाहून उरलेलं खावं लागतं म्हणून माझी आई हळहळायची. तिला काय माहीत, सगळ्यात चांगलं तेच असायचं! आणि त्या वेळीच आम्ही दोघी बोलायचो. दिवसभर बोलायला फुरसत कोणाला होती? मूल राहत नाही म्हणून मी रडले ती बडगीवर. अक्काला तिच्या बापाने शाळेतून काढलं, ते तिने मला सांगितलं तेही बडगीवर. माझ्या उभ्या सासरात माझं म्हणावं असं एवढंच होतं.

मग भावाभावांचं बिनसलं. कशावरून? विहिरीवरच्या मोटारीवरून. मोटार कोणी आणली, कोणी दुरुस्त केली, पाणी कोणाच्या वावरात आधी गेलं. दोन शहाणीसुरती माणसं पोरांसारखी भांडली आणि चूल वेगळी करायची ठरली. पंच बसले. घरातली भांडी अंगणात आणून मांडली. एक हंडा इकडे, एक तिकडे. एक परात इकडे, एक तिकडे. अक्का आणि मी दाराआड उभ्या. ही भांडी रोज घासणाऱ्या आम्ही, पण आम्हाला एका शब्दाने कोणी विचारलं नाही.

शेवटी बडगी उरली. चुलतसासरे, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांनी ती उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "बडगी एकाले, दांडा दुसराले. दोन वस्तू शेतस."

वस्तू दोन आहेत म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणावर अन्याय नको! मी दाराआडून चक्क ओरडले, "अहो, तो दांडा घेऊन मी काय करू?" ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच घर फोडलं. जन्मात एक वांगं न ठेचलेली ती माणसं, आणि वाटणी मात्र इतकी चोख. बडगी भाऊंकडे राहिली. दांडा माझ्याबरोबर धुळ्याला आला आणि दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात दाराच्या कोपऱ्यात उभा राहिला. वर ह्यांचं फर्मान : त्या घराशी आता संबंध नाही, बोलायचं नाही, निरोप पाठवायचा नाही.

धुळ्यात मी स्टोव्हवर वांगी भाजून पाहिली. घासाघासाला रॉकेलचा वास. पातेल्यात दांड्याने ठेचायला गेले तर पातेलं चेपलं. शेजारणीच्या मिक्सरमधून काढलं तर लापशी झाली. आणि आमचे हे, ज्यांनी स्वतःच्या तोंडाने "दांडा आमच्याकडे" म्हणून वाटा मागून घेतला होता, ते ताटावर बसून काय म्हणावेत? "भरीत काही पूर्वीसारखं होत नाही तुझं." माझं! त्या दिवशी मी ताट उचलून आपटलं नाही, ही माझी सहनशक्ती. गावाकडून येणाऱ्या एका बाईकडून कळलं की अक्का तिकडे दगडी वरवंट्याने ठेचते आणि बडगीला चीर गेली आहे. मला त्या बडगीपेक्षा तिचं वाईट वाटलं. सारायला तिच्यासमोर कोणी नव्हतं.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात त्याच बाईबरोबर एक पिशवी आली. आत वांगी, कोवळी पात आणि खाली फडक्यात बांधलेलं कळण्याचं पीठ. निरोप काही नाही. मी ती वांगी ओट्यावर मांडली आणि बघत बसले. मग रडू यायच्या आधीच मला राग आला. एवढी चांगली वांगी मी रॉकेलवर जाळू?

"मी उद्या गावी चालले," मी ह्यांना सांगितलं. "वांगी आणि दांडा घेऊन."

"दांडा कशाला? तो आपल्या वाट्याचा आहे. त्यांनी ठेवून घेतला म्हणजे?"

"मग राखायला तुम्हीही चला."

आणि खरोखरच आले. दांडा राखायला! पारोळ्याच्या एसटीत तो माझ्या मांडीवर आडवा होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, कोणाला मारायला निघालात?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." हे खिडकीबाहेर पाहत राहिले.

अक्का अंगणातच होती. तिने मला पाहिलं, मग माझ्या हातातल्या दांड्याकडे पाहिलं.

"उनी का वं? दांडा लई उनी?"

आलीस का गं, दांडा घेऊन आलीस, एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्याला लावत आत गेली. बाहेर आली ती बडगी घेऊन. एका टोकाला बोट जाईल एवढी चीर, पण बूड शाबूत होतं. मागच्या परसात आम्ही काड्यांचा जाळ केला. दोन वर्षांनी ती ठेचायला आणि मी सारायला बसले, तरी आम्हाला हात जुळवून घ्यावे लागले नाहीत. दांडा वर, हात आत. हे ओसरीच्या एका खांबाला टेकून बसले होते. भाऊ दुसऱ्या खांबाला. फोडणीचा वास ओसरीवर पोचला तसे दोघेही न बोलावता पाटावर येऊन बसले. ताकाला जाऊन भांडं कोण लपवणार?

दोघांनी खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. घाम पुसला. आणि मग भाऊ ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "मीठ कमी शे."

"हो," हे म्हणाले, "आणि लसूणही."

ऐका! दोन वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे सख्खे भाऊ, त्यांचं पहिलं एकमत झालं ते आमच्या भरताला नावं ठेवण्यात. मी काही बोलणार तेवढ्यात अक्काने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ती हसत होती. मला हसू आलं नाही. मला अजूनही येत नाही.

ते उठले आणि मोटारीचं बोलत बोलत विहिरीकडे गेले. बडगी आमच्याकडे आली. आम्ही तुकडे मोडले आणि पुसायला सुरुवात केली. मग अक्का म्हणाली की तिची नजर कमी झाली आहे आणि हे तिने कोणालाच सांगितलेलं नाही. दोन वर्षं! विहिरीवर तासन्‌तास भांडणाऱ्या त्या घरात हे सांगायला तिला एक माणूस मिळालं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. हे चपला घालता घालता म्हणाले, "दांडा घे. आपल्या वाट्याचा आहे."

दांडा बडगीत आडवा ठेवलेला होता. मी जागची हलले नाही.

"मीही तुमच्याच वाट्याची आहे," मी म्हटलं. "दांडा इथं राहतोय. आठ दिवस मीही राहते. अक्काला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय."