देवकाकांची चार सिलिंडरची अमेरिकन

जुन्या मोटरसायकली धावतात कमी, उभ्या राहतात जास्त. आणि उभ्या गाडीभोवती माणसं जमली की गप्पा मारण्याशिवाय करणार काय? आमच्याकडे किस्से साठत गेले ते असे. सात-आठ वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या एका इंडस्ट्रियल ब्लॉकमध्ये, लिम अंकलच्या गॅरेजात जमायचो. म्हणजे विचार करा!

आम्ही म्हणजे मी, नितीन आणि देवकाका. मी बँकेत, नितीन वन-नॉर्थला सॉफ्टवेअरमध्ये. देवकाका जहाजावरचे चीफ इंजिनिअर, रिटायर होऊन मरीन परेडला राहिलेले. गाडी त्यांची. आम्ही दोघं नुसतेच वेडे. चाळीसच्या दशकातली अमेरिकन मोटरसायकल, चार सिलिंडर एकामागे एक, ओळीत बसवलेले. बनवणारी कंपनी माझ्या जन्माआधीच बंद पडलेली.

काका तरुणपणी अमेरिकेतल्या एका बंदरात उतरले, तेव्हा गोदीच्या फाटकाबाहेर अशीच गाडी उभी होती. बोट सुटायची वेळ होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

"मालक आला नाही का?" मी विचारलं.

"आला असेल," काका म्हणाले. "मी गाडीकडे बघत होतो!"

*

काकांची गाडी अमेरिकेहून लाकडी खोक्यातून आली, दोन हजार अकरा-बाराच्या सुमाराला. सीट काढली तर खाली उंदराचं घरटं! कुणाच्या तरी पत्राचा चावून चावून कापूस केलेला.

आम्ही ते केरात टाकणार होतो. काकांनी थांबवलं. काकूंचा चिमटा आणून दोन रविवार ते कपटे जुळवत बसले. शेवटी निळ्या शाईतले पाचच शब्द जुळले. 'बर्फ पडायच्या आत घरी ये.'

बाहेर नेहमीचं ऊन, डोक्यावर पंखा, आणि आम्ही तिघं घामेजलेले, त्या पाच शब्दांकडे बघत. कोण कुणाची वाट बघत होतं? तो गेला का वेळेत?

लिम अंकलनं कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप खाली ठेवला, चष्मा वर सरकवून कपटे वाचले आणि म्हणाला, "कस्टम्स नेव्हर चेक, आह? स्नो ऑल्सो इम्पोर्ट ऑलरेडी!"

*

या गाडीचा क्लच पायात. गिअरचा दांडा उजवीकडे, टाकीला लागून. आणि ॲक्सिलरेटर डाव्या मुठीत! आपल्या हातापायांना जे जे शिकवलंय ते सगळं विसरायचं, मग बसायचं.

नितीननं वर्षभर हट्ट केला. शेवटी एका रविवारी काकांनी गाडी दिली. "ब्लॉकला एक चक्कर. फक्त एक!"

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, नितीन येईना. आम्ही चालत गेलो. पहिल्याच सिग्नलला गाडी उभी. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला. नितीन पुतळ्यासारखा समोर बघतोय. मागे बस, आणि बसचा ड्रायव्हर हॉर्न न वाजवता, हनुवटी स्टिअरिंगवर टेकून, स्वप्नात असल्यासारखा गाडी न्याहाळतोय!

गाडी ढकलत परत आणली. मी विचारलं, "क्लच कुठे होता रे?"

"पायात."

"गिअर?"

"उजव्या हातात."

"ॲक्सिलरेटर?"

"डाव्या हातात."

"आणि जीव?"

"मुठीत! पण कुठल्या मुठीत ते आठवत नाही!"

*

सिंगापुरात विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी वर्षातले ठरावीकच दिवस रस्त्यावर काढता येते. त्यामुळे देवकाका दिवसांच्या बाबतीत भयंकर चिक्कू झाले. लख्ख सकाळ असली तरी म्हणायचे, "आज नको. याहून चांगली सकाळ येईल."

एका वर्षी डिसेंबर उजाडला तरी निम्मे दिवस शिल्लक! आणि पाऊस लागला, तो थांबेचना. काका रोज सकाळी हेल्मेट घालून बाल्कनीत बसायचे. समोर समुद्र, त्यावर नांगरलेली जहाजं पावसात अर्धीमुर्धी पुसलेली. हे आपले बघतायत.

चौथ्या दिवशी शुभाकाकूंनी चहा आणून ठेवला. मी तिथेच होतो.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही बोटीवर होतात तेव्हा मलाही तुमचे मोजकेच दिवस मिळायचे. याहून चांगल्या सकाळची वाट बघत बसले असते, तर आपल्याला मुलं झाली नसती!"

काकांनी चहा तसाच ठेवला आणि किल्ली घेऊन भर पावसात निघाले.

*

तोआ पायोहलाच लिम अंकलच्या ओळखीचे एक ओंग आजोबा राहायचे, पाचव्या मजल्यावर. त्यांच्याकडे शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन रेसची मोटरसायकल आहे असं कळलं. लाकडी फळ्यांच्या गोल ट्रॅकवर पळवायचे तसली.

गाडी कुठे असावी? हॉलमध्ये, टीव्हीसमोर! भाग सुटे करून लिफ्टनं वर आणलेली आणि तिथेच जोडलेली. आजीबाईंनी हँडलवर टॉवेल वाळत घातला होता.

नितीननं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "अंकल, ब्रेक कुठेत?"

"नो ब्रेक. रेसिंग बाइक, नो ब्रेक."

"मग हिच्यावर बसणं डेंजरस नाही?"

ओंग आजोबा सीटवर चढून बसले, हँडल धरून वाकले, नजर खिडकीबाहेर आभाळात. "फॉर्टी इयर्स मी रोज संध्याकाळी बसतो," ते म्हणाले. "कुठे धडकलो नाही!"

*

माझी मुलगी ईरा तेव्हा सात वर्षांची. गाडी फिरवून आणली की इंजिन गार होताना टिक टिक वाजायचं. ईरा कान लावून ऐकत बसायची.

"काय करतेस गं?"

"शी इज टॉकिंग, बाबा."

देवकाका गंभीरपणे तिच्याशेजारी उकिडवे बसले. "काय म्हणतेय?"

ईरानं पुन्हा कान लावला. "शी से अंकल ड्राइव्ह सो स्लो. आंटी ऑन बायसिकल ऑल्सो ओव्हरटेक, लाह!"

*

काकूंचे गुडघे गेले आणि दोघांनी पुण्याला परत जायचं ठरवलं. गाडी बरोबर नेणं काही जमेना. काकांनी विकायला काढली, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायला लागले. एकाला ती रेस्टॉरंटच्या भिंतीवर टांगायची होती. काकांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही!

मग एका रविवारी मलेशियातल्या इपोहहून एक म्हातारे गृहस्थ आले. रिटायर्ड शाळामास्तर, बरोबर मुलगी. हातात पांढरी काठी. पूर्ण आंधळे.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मास्तरांनी काठी मुलीकडे दिली आणि गाडी हातांनी पाहायला सुरुवात केली. पुढच्या चाकापासून, बोटभर जागा न सोडता. अर्धा तास गेला. तिसऱ्या सिलिंडरला गार ठेवणाऱ्या पात्यांवर बोटं थांबली.

"हे एक पातं दुसऱ्याच्या हातचं आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "काम मात्र सुंदर."

लिम अंकलचा चेहरा उतरला. पहिल्याच वर्षी त्याच्या हातून पाना निसटून ते पातं तुटलं होतं. त्यानं तीन दिवस खपून नवं बसवलं, घासलं, आणि कुणाला बोलला नाही.

देवकाका खाली वाकले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले. "लिम, मी दर रविवारी हे इंजिन पुसतो. कुठलं पातं? मला अजून दिसत नाही."

मास्तरांनी काकांचं बोट धरून त्या पात्यावर टेकवलं.

नंतर मास्तर म्हणाले, गाडी घेतो. फक्त एकदा मागे बसवून फिरवून आणा. चाळीस वर्षांपूर्वी डोळे जायच्या आधी त्यांच्याकडे अशीच होती. काकांनी त्यांना हेल्मेट घातलं, पट्टा स्वतः लावला, आणि दोघं निघाले. मुलगी फाटकाशी उभी राहिली. लिम अंकल इतका वेळ एकच पाना पुसत होता.

तासाभरानं तो ओळखीचा आवाज आला. आम्ही बाहेर धावलो. ब्लॉकमागची बंद गल्ली रविवारची अगदी रिकामी, उन्हानं पांढरी झालेली. गाडी माणसाच्या चालीनं, नाकासमोर सरळ रेषेत येत होती.

पुढे हँडल धरून मास्तर बसले होते.

मागे देवकाका. दोन्ही हात मास्तरांच्या खांद्यांवर, आणि डोळे मिटलेले!