राबाच्या दिवसांतला वास

मंगळवारी सकाळी हे माथेरानला हॉटेलच्या पायरीवर बसले आणि उठले नाहीत. दुपारी त्यांना घरी आणलं. संध्याकाळी मुलगा आणि गावातले पुरुष त्यांना नदीवर घेऊन गेले. आमच्यात बायका नदीवर जात नाहीत. मी घरी राहिले.

हे त्या हॉटेलात खोल्यांची व्यवस्था बघत. चार दिवस वर, तीन दिवस खाली, असं आमचं लग्न झाल्यापासून चाललं होतं. त्यामुळे पहिले काही दिवस मला फारसं काही वेगळं वाटलं नाही. ते वर आहेत, असंच शरीराला वाटत राहिलं. लोक येत, रडत, चहा घेत, जात. मी भिंतीला टेकून बसलेली असे. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा पोरांना बोलून बोलून घसा बसायचा. त्या दिवसांत मला कोणाशी बोलायला वाक्यच सापडत नव्हतं.

घर माझ्या नणंदेने ताब्यात घेतलं. वन्सं खालापूरकडच्या. ह्यांच्याहून मोठ्या, शेतीतल्या, आवाज खणखणीत. चूल, पाहुणे, दिवाबत्ती सगळं त्यांच्याकडे. दहाव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ह्यांचे कपडे एका चादरीत बांधले. मेलेल्या माणसाचे कपडे आम्ही घरात ठेवत नाही, दहाव्याला नदीवर नेऊन देतो.

"आनिक काय राह्यलं का गं, वयनी? एक रुमाल पन ठेवायचा नाय. जीव अडकतो त्यात."

"नाही राहिलं," मी म्हटलं.

राहिलं होतं. हॉटेलातून ह्यांची बॅग आली होती, त्यात वर थंडीत घालायचा तपकिरी स्वेटर होता. खाली उतरताना तो काढून बॅगेत कोंबायची त्यांची सवय. मी तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, पुस्तकांच्या मागे दडवला. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. रडूही आलं नव्हतं. फक्त ठेवला आणि खणाचं दार लावलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. वन्सं महिना भरेपर्यंत थांबणार होत्या. त्याच आठवड्यात वास सुरू झाला.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसलं की यायचा. जळका, पण लाकडाचा नव्हे. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी हुंगली. फ्रिजच्या मागे वाकले. मिक्सरची वायर हातात धरून पाहिली. देवापुढची वात, कोपऱ्यातली डासांची अगरबत्ती, सगळं पाहिलं. सवयीने वहीत लिहूनही ठेवलं. "पावणेसात. बाहेरची खोली. साडेसात. जास्त." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिवसभर वास नसायचा.

"आगं, राब हाय तो," वन्सं म्हणाल्या. "आख्खा गाव राब भाजतोय नि तू घरात काय शोधतेस?"

ते खरं होतं. पावसाआधी भाताची रोपं जिथे करायची, त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, पेंढा पसरून आमच्याकडे तो जाळतात. फाल्गुन-चैत्रात कशेळ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी धूर असतो आणि सांज झाली की तो खाली बसतो. जन्मभर मी तो वास घेतला आहे. हा तो नव्हता.

"राबाचा वास वेगळा असतो, वन्सं."

"आता तू मला राब शिकव. पुस्तकात दिलाय वाटतं!"

शनिवारी बदलापूरहून मुलगा आला. त्याला मी सांगितलं. तो लगेच कामाला लागला. प्रत्येक बोर्डावर तळहात ठेवून गरम लागतो का पाहिलं. मीटरचं झाकण उघडलं. स्टुलावर चढून पंख्याची वाटी खाली सरकवली. वन्सं दारात उभ्या राहून सूचना देत होत्या.

"ते वरचं बग रं. उंदराने खाल्ली असंल वायर."

"आत्या, वायरी ठीक आहेत." मग तो माझ्याकडे वळला. "आई, नक्की कसला वास येतो?"

मी नीट विचार करून सांगितलं, "केस जळल्यासारखा."

त्याचा हात बोर्डावर होता, तो त्याने काढून घेतला. स्टुलावरून उतरला. बराच वेळ हात धूत राहिला. मला काय बोलून गेले ते कळलं, पण उशिरा. तो नदीवर गेला होता. मी गेले नव्हते.

जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "वास नाहीये, आई. घर बंद करू. महिना झाला की तू माझ्याकडे चल. तिकडे एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू."

"मला काही झालेलं नाही."

"मी कुठे म्हणतोय झालंय?"

रविवारी तो गेला. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. मला घर सोडायचं नव्हतं. तेवढी एकच गोष्ट मला त्या दिवसांत नक्की माहीत होती. पण वास माझ्या डोक्यातला असेल तर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार, हेही कळत होतं. आणि तो डोक्यातला असू शकतो, असं मलाही वाटू लागलं होतं. मी वहीत लिहिणं थांबवलं.

गुरुवारी दिवेलागणीला लाईट गेली. वन्सं ओटीवर होत्या, मी आत खुर्चीवर. काळोख झाला. दहा-पंधरा मिनिटांनी लाईट आली, पण आमच्या खोलीतली ट्यूब जुनी, लागायला वेळ घेते. ती फडफडत होती तेवढ्यात मला कपाटाच्या तळाशी, खणाच्या दाराखाली, पिवळी रेघ दिसली. मग ट्यूब लागली आणि रेघ दिसेनाशी झाली.

त्या खणात ह्यांनी एक साठचा बल्ब बसवलेला आहे. कपाटामागची भिंत पावसाळ्यात पाझरते, माझ्या पुस्तकांना बुरशी धरते, म्हणून. दर वर्षी मृग लागला की ते खण रिकामा करायचे, पुस्तकं वरच्या फळ्यांवर रचायचे आणि मगच बल्ब लावायचे. हे काम त्यांचं होतं. पाऊस नसताना त्या बल्बची मला आठवणही नसे. त्याचं बटण दाराजवळ, ओटीच्या दिव्याच्या बटणाला लागून आहे.

"वन्सं, ओटीचा दिवा लावताना कुठलं बटण दाबता?"

"दोनी दाबते. कोनचं कोनचं ते ध्यानात नाय राहत. दोनी दाबली की एक तरी लागतो!"

मी खणाचं दार उघडलं. पुस्तकांमागून धुराचा लोट नाही, नुसती ऊब आली. स्वेटर बल्बला टेकून बसला होता. एक बाही कोपरापर्यंत काळी, कडक झाली होती. हात लावल्यावर तिचा चुरा पडला. दोन पुस्तकांचे पुठ्ठे वाकले होते.

वन्सं मागे येऊन उभ्या होत्या.

"तू नाय म्हनालीस ना मला?"

"हो."

"घर पेटलं असतं, वयनी. एका सोटरापायी."

"हो."

त्यांनी दोन्ही बटणं बंद केली, मग एकेक दाबून बघितलं, कुठलं कशाचं. खाली बसल्या. स्वेटर मांडीवर घेतला आणि जळका चुरा पदराने पुसत राहिल्या, जणू तो निघणार होता.

"वरती लई थंडी असते का गं?" त्यांनी विचारलं. त्या माथेरानला कधी गेल्या नव्हत्या.

"रात्री असते."

मी मुलाला फोन लावला. वास सापडला, खणातला बल्ब लागून राहत होता, म्हणून सांगितलं.

"बल्ब? मग केसांसारखा कसा?"

"ह्यांचा स्वेटर होता तिथे. लोकरीचा. मी ठेवला होता."

मग तो म्हणाला, "म्हणजे वास खरंच होता?"

"होता."

"मलाही येत होता, आई. शनिवारी आल्यापासून. मला वाटलं, नदीवरचा माझ्या नाकात राहिलाय. म्हणून म्हटलं, घर बंद करू."

मी म्हटलं, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. रविवारी तो आला तो एसटीने, गाडी न घेता. वन्संनी आणि त्याने स्वेटर नदीवर नेला. मी दिला.

आता पावसाळा आहे. वन्सं त्यांच्या घरी आहेत, मी इथे. खण मीच रिकामा केला, दिवे लागले की बल्ब मीच लावते. खणाच्या फळीवर तळहाताएवढा काळा डाग आहे. वास येत नाही.