मार्था अक्काची जागा

मार्था अक्काला कुणीही, कधीही "कसं काय?" विचारलं की तिचं एकच उत्तर असे, "भरून हाय." वाऱ्यानं घरावरचे पत्रे उडून गेले त्या दिवशीही उघड्या भिंतींमध्ये उभं राहून तिनं हेच सांगितलं. निलंग्याकडच्या त्या गावात तेव्हा मी तलाठी होतो. एकदा चावडीसमोर सरपंच तिला म्हणाले, "अक्का, काय भरून हाय म्हणतीस? तुझ्या घरात उंदीरसुद्धा उपाशी." अक्का म्हणाली, "उंदीर कवाच गेला, पाटील. तुमच्याकडंच हाय न्हवं?" सगळे हसले. सरपंचही हसले, पण जरा उशिरा.

अक्का ख्रिस्ती. गावात त्यांची सात-आठ घरं. शिंदीच्या पानांचे फडे बांधून विकणं हा तिचा धंदा. दिवाळीला सारं गाव तिच्याकडून झाडायचा नवा फडा घेई आणि लक्ष्मी म्हणून त्याची पूजा करी. माझी बायकोही घेई. फडा पायरीवर ठेवायला सांगायची, आणि अक्का मागं सरली की त्यावर पाणी शिंपडून मग उचलायची. मी आतून बघायचो. अक्काही बघायची. "माझ्या हातची लक्ष्मी चालती, वैनी, मी न्हाई," असं एकदा ती हसत म्हणाली आणि पुढच्या दाराकडं गेली. त्या हसण्यात टोचणी नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

तिची दोन लेकरं तापानं गेली होती. नंतर नवरा दावीद विहिरीच्या कामावर असताना दगावला. तिघंही ओढ्याकाठच्या गायरानात पुरलेले. ख्रिस्ती घरं आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच ठेवत आली होती, पण सरकारी कागदावर त्याची नोंद कधी झाली नव्हती. रविवारची प्रार्थना झाली की अक्का तिथं जाऊन दगडांभोवतीचं गवत काढी. दावीदच्या शेजारचा तुकडा दाखवून ती मला म्हणाली होती, "ही माझी जागा. प्रभूकडं एवढंच मागून ठेवलंय. बाकी त्यानं दिलं तरी भरून, न्हाई दिलं तरी भरून."

"न देता भरून कसं, अक्का?"

"उपजत येत न्हाई ते, सायेब. शिकावं लागतंय. लेकरं पुरल्यावर शिकले मी. प्रभू शेजारी बसला व्हता, म्हणून शिकले."

आता लिहायचं ते लिहितो. सरपंचांना त्या जागेवर बाजाराचे ओटे बांधायचे होते. मला नांदेडला बदली हवी होती. पोरं कॉलेजला आली होती, जिल्ह्याबाहेरची बदली सहजासहजी होत नसे, आणि सरपंचांचा शब्द वरपर्यंत चालत असे. पाहणीसाठी मी गायरानात गेलो तेव्हा थडग्यांवरचे दगड कुणीतरी आधीच ओढ्यात ढकलून दिले होते. मातीचे उंचवटे मात्र तसेच होते. मी उभ्यानंच पंचनामा लिहिला आणि पंचांना वाचून दाखवला, "जागेवर थडगी आढळून आली नाहीत." अक्का फड्यांची मोळी डोक्यावर घेऊन कडेला उभी होती. ती पुढं आली आणि अगदी हळू म्हणाली, "सायेब, तुमी दावीदच्या छातीवर उभारलाव."

मी बाजूला झालो. वाक्य खोडलं नाही. पंचांनी सह्या केल्या.

त्या दुपारी तिचं रडणं चावडीपर्यंत ऐकू येत होतं. तोवर मला वाटायचं, ही बाई रडतच नसावी. तिसऱ्या दिवशी ती रस्त्यात समोर आली. डोळे सुजलेले. मला राहवलं नाही.

"अक्का, शिव्या दे मला."

"दिल्या की. दोन दिवस दिल्या. संपल्या."

"मग आता?"

"आता तुमच्यासाठी प्रार्थना करायलेय. लई जड जातंय, खोटं कशाला बोलू? पन इतक्या वर्सांनी शिकलेलं एका कागदापायी कसं घालवू?"

मला बदली मिळाली. नांदेडला घर झालं, पोरं मार्गी लागली, निवृत्तीही सुखरूप झाली. गोदावरीच्या घाटावर संध्याकाळी बसतो तेव्हा ओळखीचे विचारतात, "काय साहेब, मजेत?" मी मान हलवतो. काही कमी नाही आणि काहीच पुरत नाही. उपासतापास करून पाहिले, देवस्थानं केली. अक्का उपाशीपोटी जे म्हणायची ते मला भरल्या ताटावर बसूनही एकदाही म्हणता आलं नाही.

मागच्या वर्षी गावच्या कोतवालाचा फोन आला. अक्का गेली होती. गावात पुरायला जागा उरली नव्हती, म्हणून तिला टेम्पोतून लातूरच्या कबरस्तानात नेणार होते. मी पहाटेच्या एसटीनं लातूर गाठलं. अनोळखी नावांच्या रांगेत शेवटी तिच्यासाठी खड्डा खणला होता. तिची भाची रूथ शेजारी उभी होती. ती सांगत होती, "मेल्यावर लातूरला न्यावं लागंल म्हटल्यावर दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडली. पाणीसुद्धा घेतलं न्हाई. मग म्हणाली, 'प्रभू लातूरला बी हाय,' आन् घोटभर पाणी पेली." मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "काका, तुम्ही कोण?"

"ओळखीचा," मी म्हणालो. तिथंही खरं सांगितलं नाही.

परत आल्यावर अर्ज लिहून तालुक्याच्या कचेरीत गेलो. माझा पंचनामा खोटा होता, एवढंच त्यात होतं. तिथला तरुण कारकून भला होता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. "काका, ओटे होऊन किती वर्षं झाली. आता याचा काय उपयोग?"

उपयोग नाही, हे मलाही कळतं. दावीदवर आज भाजीचे ढीग लागतात. अक्काचा प्रभू मला माफ करील की नाही, ठाऊक नाही. त्याच्याकडं मागायला तोंड नाही. म्हणून जे कचेरीनं घेतलं नाही ते इथं लिहून ठेवतो. पाहणी मी स्वतः केली होती. जागेवर अकरा थडगी होती. दावीदच्या शेजारी बाराव्याची जागा मोकळी होती.