वनिताताईंच्या हाताचा माउस

मगनभाईंच्या टेबलावर पाच वायरलेस माउस ओळीने मांडले होते आणि पाचांपैकी एकही चालत नव्हता.

"सगळा माल डुप्लिकेट!" मगनभाई म्हणाले. नवापूरजवळच्या एका हॅचरीचे, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या कंपनीचे, ते मॅनेजर. त्यांच्याकडचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. नवापुरात माझं छोटं दुकान आहे.

माल चांगला होता. दोष टेबलावरच्या काचेचा होता. माउसच्या पोटाखाली सेन्सर असतो, म्हणजे एक बारीक कॅमेराच. तो खालच्या जागेचे सारखे फोटो काढतो आणि त्यावरून स्क्रीनवरचा बाण हलतो. स्वच्छ काचेवर साध्या सेन्सरला काहीच दिसत नाही.

"बाहेर ऑपरेटर वनिताताईंच्या टेबलावर सनमायका आहे. तिथे बघू," मी म्हणालो.

"नमुना केबिनमध्येच पास होतो. खाद्य इथे पास होतं, औषध इथे पास होतं. झाडूसुद्धा इथेच पास होतो."

शेवटी मी काचेवर पेपर अंथरला. पाचही माउस जिवंत झाले. मगनभाईंना ते आवडलं नाही.

खरा प्रश्न माउसचा नव्हताच. वनिताताई विसरवाडीकडच्या. तीन वर्षं हॅचरीत कॉम्प्युटर ऑपरेटर होत्या. कोणती गाडी, कोणतं शेड, किती ट्रे, प्रत्येक ठिकाणी यादी उघडायची आणि क्लिक करायचं. सॉफ्टवेअर असं बनवलं होतं की कीबोर्ड जवळपास बेरोजगार. दिवसभर क्लिक करून ताईंचं उजवं मनगट सुजायला लागलं, एन्ट्र्या मागे पडल्या, गेटवर गाड्या तटल्या. मगनभाईंनी सांगितलं होतं, काम उरकत नसेल तर सोमवारपासून ग्रेडिंग शेडमध्ये अंडी निवडायला जायचं. आज शनिवार होता.

शेडमधलं काम हलकं नाही आणि कमी प्रतीचंही नाही. पण बसने रोज ये-जा करून जे काम ताई शिकल्या, ते एका स्वस्त माउसपायी त्यांच्याकडून काढून घेणं हा मला सरळ अन्याय वाटत होता. मी आत येण्याआधी त्या मला दारात म्हणाल्या होत्या, "भाऊ, एकदा शेडमध्ये गेले की ही खुर्ची परत मिळत नाही."

मी ज्या घरात वाढलो तिथे गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा कामगार युनियनची पत्रकं जास्त होती. त्यामुळे केबिनमध्ये मी उभा राहूनच बोललो.

"मनगट कामगाराचं आहे, तर माउसची निवडही कामगाराचीच! ज्या हाताने काम करायचं, त्या हाताला विचारल्याशिवाय खरेदी होता कामा नये!"

कोपऱ्यात बसलेले अकाउंटंट आप्पा चष्म्यावरून बघत म्हणाले, "भाऊ, तू माउस इकाले उना का निवडणूकले उभा ऱ्हायना?"

मी विकायलाच आलो होतो, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. ताईंना आत बोलावलं. त्यांनी उभ्यानेच एकेक माउस उजव्या हातात धरला आणि प्रत्येकाबद्दल सांगितलं, "ठीक आहे, साहेब."

मग मी समजावलं. सगळा तळवा टेकवून धरणाऱ्याला मोठा माउस लागतो, नुसत्या बोटांनी धरणाऱ्याला लहान चालतो. ताईंची बोटं लांब, म्हणून साबणाच्या वडीएवढा चपटा माउस बाद. मी उभा माउस उचलला. हस्तांदोलन करावं तसा तो उभ्या तळव्याने धरतात, मनगटाला पीळ पडत नाही.

"हा माउस आहे की उंटाची पाठ?" मगनभाई म्हणाले.

मी आणखी दहा मिनिटं बोललो. ते थकले.

"घे तुझा उंट. पण संध्याकाळपर्यंत मागच्या सगळ्या एन्ट्र्या झाल्या पाहिजेत. झाल्या तर खुर्ची तिची."

मी विजयी वीरासारखा बाहेर येऊन ताईंशेजारी स्टूल घेऊन बसलो. तासाभराने माझा चेहरा उतरला. वेग आधीपेक्षाही कमी झाला होता. मी बाणाचा वेग वाढवला, कमी केला, खुर्ची वर केली. ताई ओठ दाबून क्लिक करत होत्या आणि मधूनमधून मनगट झटकत होत्या.

तेवढ्यात खिडकीतून ड्रायव्हरने गाडीचा नंबर ओरडून सांगितला. ताईंनी पेन उचललं आणि झर्रकन लिहून घेतला. डाव्या हाताने.

"ताई, तुम्ही डावखुऱ्या?"

"हो. लहानपणापासून."

"मग माउस उजवीकडे का?"

"क्लासमध्ये सरांनी तिथेच ठेवला होता. आणि इथल्या जुन्या माउसची वायर डावीकडे पोचतच नव्हती."

"अहो, मग आत केबिनमध्ये सांगायचं ना!"

"साहेबांसमोर डावा हात कसा पुढे करायचा?" त्या म्हणाल्या. "आणि भाऊ, तुम्ही बोलतच होता."

बहुतेक आरामदायी माउसला अंगठ्यासाठी एका बाजूला खोबण असते. ती उजव्या हातासाठीच. मी आणलेल्या पाचांत एकच माउस दोन्ही बाजूंनी सारखा होता. राखाडी, उंच, दिसायला अगदी बावळा. तो मी भर घालायला आणला होता. डावीकडे ठेवला, सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बटणांची अदलाबदल केली, म्हणजे मुख्य क्लिक डाव्या तर्जनीखाली आलं.

सुरुवातीला ताई अडखळल्या. पहिला चहा येईपर्यंत हात बसला. दुसरा चहा त्यांनी घेतलाच नाही, गार झाला. दिवस मावळायच्या आत मागच्या सगळ्या एन्ट्र्या संपल्या आणि शेवटची गाडी गेटबाहेर पडली.

मगनभाई तपासायला आले आणि थबकले. "हे काय? एन्ट्र्या डाव्या हाताने?"

मी तोंड उघडलं. ताईंनी मला हातानेच थांबवलं.

"साहेब, तुम्ही ज्या रजिस्टरचं अक्षर पाहुण्यांना दाखवता, ते मी तीन वर्षं डाव्यानेच लिहिते."

मगनभाईंनी रजिस्टर उघडलं. दोन पानं उलटून बघितली. आप्पा म्हणाले, "साहेब, अक्षर तर तेच शे."

"राहू दे मग," मगनभाई म्हणाले. यादी बघायला त्यांनी स्वतःच माउस उजव्या हातात घेतला आणि क्लिक केलं. बटणं बदललेली होती, भलतंच काहीतरी उघडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"मी म्हणालो होतो, माल डुप्लिकेट!"

ताई अजून त्याच खुर्चीवर आहेत. त्यांच्या कॉम्प्युटरला आता दुसरं कुणी हात लावत नाही, मगनभाईसुद्धा नाही. खुर्ची टिकवायला माझ्या भाषणापेक्षा मोठं संरक्षण ते आहे.

माउस निवडायला कुणी दुकानात आलं, की मी आधी कागद-पेन देतो आणि नाव लिहायला सांगतो. तेवढा वेळ गप्प बसतो. हे दुसरं मला अजून जड जातं.