सुटीनंतरचा पहिला दिवस

जे लिहितो आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सर्वांत आधी सांगायला हवे होते त्याला तर नाहीच. इतकी वर्षे लाजेपोटी गप्प राहिलो असे म्हणता आले असते — पण तेही पूर्ण खरे नाही. गावात या प्रकरणाच्या ज्या कहाण्या चालतात त्या मला सोयीच्या होत्या. म्हणून गप्प राहिलो.

तेव्हा आधी त्या कहाण्यांचा समाचार घेतो. चुकीचे बोलणाऱ्याला मध्येच तोडण्याची माझी खोड जुनी आहे. या वयात ती सुटेल असे वाटत नाही.

दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्यात मी उमेदीची सगळी वर्षे व्यवस्थापक होतो. कापसाच्या पडत्या काळात एकदा बाहेरगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातून काही डॉक्टर आमच्याकडे आले. कापसाच्या धुळीने कामगारांची छाती बिघडते का, हे त्यांना पाहायचे होते. तपासणी झाली आणि काही निघाले नाही. आजही चहाच्या टपरीवर कोणी छातीठोकपणे सांगतो की मालक शेठजींनी डॉक्टरांना पाकीट दिले. साफ खोटे. शेठजी त्या आठवड्यात गावातही नव्हते, आणि परवानगी तर त्यांनी एका शब्दात दिली होती. दुसरा म्हणतो, छातीतला दम मोजायला फुंकायचे यंत्रच बिघडलेले होते. तेही खोटे. यंत्र उत्तम होते. मी ते हातात घेऊन पाहिले आहे. तिसरी कहाणी अशी की बाबूजी — म्हणजे मी — कामगार बायांच्या बाजूने उभे राहिले होते, पण मोठ्या लोकांपुढे त्यांचे काही चालले नाही.

तिन्हींत ही सर्वांत खोटी. आणि एवढी एकच मी कधी खोडून काढली नाही.

ज्यांनी जिनिंग पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. लांबलचक शेडमध्ये रेच्यांची रांग, आणि प्रत्येक रेच्यापाशी उभी राहून हाताने कापूस सारणारी एक बाई. त्या वर्षांत माल वाईट येई. बोंडअळीने खाल्लेला, अवकाळी पावसात भिजून काळवंडलेला, पानाच्या चुऱ्याने भरलेला कापूस. तो रेच्यात पडला की जी धूळ उठे, तिच्यात समोरची बाई दिसत नसे. केस, भुवया, पापण्या पांढऱ्या. नाकाला पदर, एवढेच संरक्षण. धूळ ओढून घेणारे मोठे पंखे बसवावेत असा विषय निघे आणि मागे पडे.

त्या बायांत एक नसीमबी होती. नवरा सायकल दुरुस्तीचे दुकान चालवत असे. तो गेल्यावर ती रेच्यावर आली. हाताने जलद आणि तोंडाने त्याहून जलद. मी कधी खोकत नाही, माझी छाती लोखंडाची आहे, अशी फुशारकी मी शेडमध्ये उभा राहून मारत असे. एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "लोखंडाले गंज बी लागते, बाबूजी. आतून लागते, वरून दिसत नाही." बाया पदरात तोंड घालून हसल्या. मीही हसलो. पण ते वाक्य मला लागले होते. का लागले, ते पुढे येईलच.

आठवडी बाजाराच्या दिवशी कारखान्याला सुटी असे. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, काम सुरू होऊन काही तास गेले की, बायांची छाती आवळून येई. दम लागे, अंगात कणकण भरे. दुसऱ्या दिवशी थोडे कमी, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी, आणि आठवडा सरताना छाती जणू धुळीला सरावून जाई. मग पुन्हा सुटी, पुन्हा तेच. बाया त्या पहिल्या दिवसाला "सासरी जायचा दिवस" म्हणत. माहेरी चार घटका मोकळा श्वास घेतला, आता चला परत. मी काय म्हणत असे? मी म्हणत असे, हे सुटीचे लाड आहेत. आराम अंगात मुरला की काम जड जाणारच. वर्षानुवर्षे हेच म्हणत आलो, आणि मोठ्याने.

आता हे कसे लिहू — पहिल्या दिवशी माझीही छाती आवळत असे.

त्या दिवशी मी शेडमध्ये एक फेरी मारून कार्यालयात जाई, दार लोटून घेई आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हात रोवून बसे. दुपार टळली की बाहेर येई. कोणाला कळले नाही. आमच्या घराण्यात सगळे कचेरीत बसून काम करणारे. धुळीत उभा राहणारा मी पहिला. वडिलांना ते कधी रुचले नाही. "तिथे तुझे हाल होतील," असे ते म्हणाले होते, आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले हे मी स्वतःशीही कबूल करणार नव्हतो. मग रेच्यावरच्या बायांसमोर कसे करणार?

डॉक्टरांच्या पथकाची प्रमुख एक तरुण मुलगी होती. तपासणीच्या आधी ती एकटीच मला भेटायला आली. बोलणे स्वच्छ, घाई नाही. तिने सांगितले, "सर, आम्हाला सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीच यायचं आहे. काम सुरू होण्याआधी एकदा फुंकायला लावू, आणि पाळी संपताना पुन्हा. हा आजार असेल तर त्याच दिवशी फरक सर्वांत स्पष्ट दिसतो." आणि मग सहज म्हणाली, "बाया लाजतात. सुरुवात तुम्ही कराल का? तुम्हीही इतकी वर्षं याच धुळीत आहात."

 माझ्या मनात हिशेब किती वेळ चालला असेल? फार नाही. सकाळी एक आकडा येणार, संध्याकाळी दुसरा, आणि त्या दोहोंतले अंतर सगळ्या शेडसमोर वाचले जाणार. लोखंडाची छाती.

मी म्हणालो, "पहिल्या दिवशी आमचे रेचे बंद असतात. तेलपाणी, दुरुस्ती. धूळच नसते, तुम्ही मोजणार काय? सुटीच्या आदल्या दिवशी या. तेव्हा काम पूर्ण जोरात असते."

तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? कारखान्याचा व्यवस्थापक सांगत होता.

काही हितचिंतक म्हणतील — आणि त्यांना मी इथेच थांबवतो — की जिनिंग त्या काळात एकामागून एक बंद पडत होते, आजाराचा बोभाटा झाला असता तर आमचेही पडले असते, बायांचे काम गेले असते, म्हणून बाबूजी तसे बोलले. नाही. हा विचार मला नंतर सुचला. सोयीचे विचार नंतरच सुचतात. त्या क्षणी माझ्या डोक्यात माझ्याशिवाय कोणीही नव्हते.

ते सुटीच्या आदल्या दिवशी आले. सर्वांत आधी मी फुंकले. आठवड्याभरात छाती सरावलेली होती. संध्याकाळीही जवळजवळ तेवढाच आकडा आला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेक करून त्याही फुंकून गेल्या. नसीमबीची दुसऱ्यांदा फुंकायची वेळ संध्याकाळी आली. नळी हातात धरून ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मॅडम, तुम्ही आज कायले आल्या? सुटीच्या दुसऱ्या दिवशी या ना. त्या दिवशी छाती दोरीनं बांधल्यावानी होते. आज काय भेटन तुम्हाले?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वळून पाहिले. "पण त्या दिवशी तर रेचे बंद असतात ना?"

इथे मला दुसरी संधी होती. एकदा घाईत बोललेले खोटे माणूस कदाचित मागे घेऊ शकतो. मी म्हणालो, "बंदच असतात. या बाईला बोलायची सवय आहे, मनावर घेऊ नका."

शेडमध्ये सगळ्या होत्या. रेचे कधी सुरू होतात हे त्यांतल्या प्रत्येकीला माहीत होते. कोणी बोलली नाही, कारण मी तिथे उभा होतो. नसीमबीने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. एखादी ओळखीची वस्तू भलत्याच जागी ठेवलेली दिसावी, तसे पाहिले. मग तिने नळी तोंडाला लावली आणि फुंकली.

या कारखान्यात धुळीचा ठळक परिणाम आढळला नाही, असा निष्कर्ष निघाला. चुलीचा धूर आणि बिडी यांच्याकडे लक्ष द्यावे, असे डॉक्टरांनी सुचवले. त्यांचा दोष नाही. हाती आले त्यावरून त्यांनी लिहिले. धूळ ओढणाऱ्या पंख्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. नसीमबीने आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता, पण ती चोरून ओढते असे लोक बोलू लागले. मुलाने, रफीकने, घरात गॅस आणला, चूल मोडली. तरी तिचा खोकला थांबला नाही. आणखी काही हंगाम तिने काढले. मग चार पावले चालून उभी राहू लागली, मग घराबाहेर पडेनाशी झाली. एका पावसाळ्यात ती गेली. धुळीनेच गेली का? मी डॉक्टर नाही, मला ते सांगता येत नाही. आणि आता कोणालाच सांगता येत नाही, याला कारण मी आहे.

माझी मुलगी या विषयांवरचे नवे संशोधन वाचून मला समजावते. दोष निव्वळ धाग्याचा नाही म्हणे. कापसाबरोबर येणाऱ्या सुकलेल्या पाल्यावर जिवाणू वाढतात, त्यांचे विष धुळीतून छातीत उतरते. सुरुवातीला त्रास येतो आणि जातो; वर्षे लोटली की जात नाही. म्हणजे भिजून सडलेला तो माल, आणि तो पहिला दिवस — सगळे बरोबर जुळते. मी ऐकून घेतो. "बाबा, तुमच्याकडे तर तपासणी झाली होती ना?" ती विचारते. झाली होती, म्हणतो.

रफीकचे आता मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज आहे. माझी जुनी स्कूटर होती तोवर त्याने एकदाही मजुरीचे पैसे घेतले नाहीत. गेल्या हिवाळ्यात तो घरी आला. दारव्ह्याला नवे अभ्यासक जिनिंगच्या जुन्या कामगारांना तपासत होते. हा आईचे नाव नोंदवायला गेला, तर त्यांनी सांगितले की त्या कारखान्यात पूर्वी काही आढळलेले नाही. "बाबूजी, तुम्ही चाला. तुमच्या शब्दाले वजन हाय. अम्मी खोटं बोलत नव्हती, एवढंच सांगा त्याईले."

मी गेलो. त्याच्या मागे बसून गेलो, आणि देवाशपथ, सांगायचे ठरवून गेलो. एका शाळेच्या सभागृहात टेबले मांडली होती. रफीक माझ्या शेजारीच उभा. तिथल्या मुलीने आदराने खुर्ची दिली आणि विचारले, "आजोबा, तुम्हीही जिनिंगमध्ये होतात?" होतो, म्हणालो. "मग आधी तुमचंच पाहू." नळी माझ्या हातात आली. मी फुंकले आणि खोकलो. "जोर लावा, बाबूजी," रफीक म्हणाला. मी पुन्हा फुंकले, पुन्हा खोकलो. त्या मुलीने आकडा पाहिला, बिडी-सिगारेट कधी ओढली का विचारले, कामाची वर्षे विचारली आणि म्हणाली की हा धुळीचाच आजार दिसतो, माझी नोंद त्यांच्या अभ्यासात होईल.

मग रफीकने आईचा विषय काढला. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, तपासणी जिवंत माणसाचीच करता येते." रफीकने माझ्याकडे पाहिले. बोलण्याची वेळ हीच होती, आणि माझ्या छातीत बोलण्यापुरता श्वास होता. मी नळी टेबलावर ठेवली आणि उठलो.

परत येताना मी त्याच्या मागे बसलो होतो. दिग्रस जवळ आले तेव्हा मान वळवून म्हणाला, "चाला, अम्मीचं नाही तं नाही, तुमचं तरी नाव लागलं."

 त्याने मला घरापाशी सोडले. उतरताना माझा तोल गेला, तेव्हा त्याने गाडी तशीच उभी करून माझा हात धरला, आणि दम लागू नये म्हणून पायऱ्या हळूहळू चढवून मला दारापर्यंत नेले.