नकाशातली अकरा घरं

सरकारी लाकूडवखारीत तीस वर्षं ओंडक्यांचा घेर मोजणाऱ्या बाईला सगळी वाडी ‘फूटपट्टी काकू’ म्हणायची. ‘तुम्ही वीस वर्षांपूर्वी जंगलात घुसलात, वाडी खाली करा,’ अशी खात्याची नोटीस आली तेव्हा बाकीचे डोक्याला हात लावून बसले. काकू मात्र कंबर कसून शहरातल्या नकाशा कार्यालयात खेटे घालू लागली. साठ वर्षांची सलग वस्ती दाखवली की वाडी वाचणार होती.

महिन्याभराने दोन नकाशे हाती लागले. सत्तर वर्षांपूर्वीच्या नकाशात ओढ्याच्या वळणावर काळे चौकोन होते, मोजून अकरा. बापाचं घर तिने झटकन ओळखलं आणि तिथेच टेबलाशी उभी राहून ती ढसाढसा रडली. चाळीस वर्षांपूर्वीच्या नकाशातही अकराच होते, पण पोकळ. छपाईत शाई कमी पडली असेल, असं म्हणून तिने विषय सोडला. घेरात अर्धा इंच चुकला तर समोरच्याला फाडून खाणारी बाई, पण आनंदाच्या भरात तिने इथे डोळेझाक केली.

“दुसरा कशाला नेतेस? एक पुरे,” सुनावणीला निघताना भाऊ म्हणाला.

“अर्धवट माप मी आयुष्यात दिलं नाही, दादा.”

सुनावणीत साहेबांनी नकाशाच्या कोपऱ्यातल्या खुणा वाचल्या. “भरीव चौकोन म्हणजे राहती घरं. पोकळ म्हणजे बिनछपराची, ओसाड. म्हणजे तुम्ही लोक निघून गेलात आणि नंतर परत घुसलात.”

चौकोन पोकळ का, ते काकूला आता कळलं. तोडीच्या हंगामात अख्खी वाडी वरच्या रानात मुक्कामाला जायची आणि घरांच्या छपराच्या फळ्या उचकटून बरोबर न्यायची. ज्या खात्यासाठी रान तोडायचं, ते झोपडीला एक फळी द्यायचं नाही. मोजणीवाला नेमका तेव्हाच येऊन गेला होता.

“साहेब, चार महिन्यांनी आम्ही परत यायचो! दर वर्षी! मी स्वतः फळ्या वाहिल्यात!”

“त्याचा काही कागद?”

फळ्या वाहिल्याची पावती कोण देतं?

“कागद आहे तो एवढाच, बाई,” साहेब हळू आवाजात म्हणाले. माणूस वाईट नव्हता. “आणि खरं सांगू? आमच्याकडे हा दुसरा नकाशा नव्हताच.”

त्यांनी नोंदीचा कागद पुढे सरकवला. ‘पुरावा सादर करणाऱ्याचं नाव’ या शब्दांपुढे काकूने आपलं पूर्ण नाव लिहिलं.