लोटन ना हरकत

आता तुमच्यापासून काय लपवायचं? शिंदखेड्याच्या बाजारात कुणी सांगितलं, की एका गड्यानं झाडासाठी कुंपण घातलं आणि झाडच कुंपणाबाहेर ठेवलं, तर तो गडी मी. लोक वाढवून सांगतात, म्हणून आधी माझ्याच तोंडून ऐका. चहा उकळेपर्यंत होईल सांगून.

माझ्या मोठ्या भावानं अंगणाच्या उत्तरेच्या कडेला एक लिंबू लावलं होतं. भावाला सगळे भाऊच म्हणायचे, मीसुद्धा. पलीकडे लोटनआबांचं अंगण, आणि आबांच्या सहा बकऱ्या. दोन वेळा त्यांनी लिंबू पार खोडापर्यंत खाल्लं. दोन्ही वेळा ते फुटलं. मग भाऊनं धुळ्याहून टेम्पोत सोळा सिमेंटचे पोल आणि तारेची बंडलं आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली. त्याच आठवड्यात त्याला ताप आला. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथून तो परत आला नाही.

याला दोन महिने झाले होते. घरी बसायला येणारी माणसं त्या पोलांवर हात टेकून चपला काढायची. कुणी त्यांच्याविषयी बोलत नव्हतं. एक दिवस मी उठलो आणि ठरवलं, कुंपण मी घालतो. लिंबू जगलं पाहिजे. भाऊसाठी करण्यासारखं एवढं एकच काम हातात राहिलं होतं.

लगेच पहार घेऊन निघालो, तर वहिनी म्हणाली, "आधी पंचायतीत विचारा."

ग्रामसेवक चांगला माणूस आहे, फक्त लांबण लावतो. म्हणाला, "कुंपणाला अर्ज लागतो."

"माझ्या अंगणात?"

"अंगण तुमचं, हद्द दोघांची. बरोबर रेषेवर पोल रोवायचे तर शेजाऱ्याचं म्हणणं घ्यावं लागतं. त्याचं जमत नसेल तर आपल्या बाजूनं फूटभर आत रोवा. रस्त्याच्या अंगाला काटेरी तार नको, ढोरांना लागते. आणि पुढे पोल वाकला, तार तुटली, तर दुरुस्ती तुमच्याकडे."

यातलं मी 'फूटभर आत' एवढंच ऐकलं. वहिनीनं अर्ज लिहिला, मी सही केली, आणि ती आठवडाभर माहेरी पहूरला गेली. घरात नीट वाचता येणारं माणूस एकच, आणि तेच गेलं. मी पाचवीतून शाळा सोडलेली. अक्षराला अक्षर जोडून वाचतो, पण वाचेपर्यंत अर्थ कधी कधी पुढं निघून जातो.

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी पंचायतीचा शिपाई कागद देऊन गेला. खाली शेजाऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईनं तीन शब्द होते. 'लोटन ना हरकत.' त्याखाली आबांची सही.

तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला यात काही दिसणार नाही. पण आमच्या बोलीत 'चा' नसतो, 'ना' असतो. लोटनचा बैल म्हणजे लोटनना बैल. मग लोटनना हरकत म्हणजे काय झालं? सरळ आहे. लोटनची हरकत.

खरं सांगतो, क्षणभर शंका आली होती. हरकत ही बाई, तिला 'नी' लागायला पाहिजे, लोटननी हरकत. पण म्हटलं, लिहिणारा ग्रामसेवक नाशिककडचा, त्याला कुठं आपली बोली धड येते? असं मी त्याचं व्याकरण सुधारून घेतलं आणि तापलो.

आबा ओट्यावर बसून बकरीच्या गळ्यातली दोरी वळत होते.

"आबा, पंचायतमा काय लिखी दिधं तुम्ही?"

"लिखी दिधी ना हरकत," आबा म्हणाले.

"अन् तोंडवर सांगतस?"

"मंग काय लपाडू? ग्रामसेवकनी इचारं, मी सही करी दिधी."

"भाऊ ऱ्हाता, तरी दिधी असती?"

आबांचा हात थांबला. "तो ऱ्हाता तर कागदनी गरजच नव्हती," ते म्हणाले.

बघा, माणसानं एवढं स्वच्छ सांगितलं. पण मला काय ऐकू आलं? भाऊ असता तर माझी हिंमत नव्हती, आता तू एकटा आहेस. भाऊच्या तिरडीला खांदा दिलेला माणूस, तो असं बोलतो. मी तिथून निघालो ते थेट पहारीकडे.

फूटभर आत म्हणाला होता ना? मी तीन फूट आत गेलो. ठेवा तुमची हद्द तुम्हालाच, अशा तोऱ्यात. दोरी बांधली आणि भर दुपारी खड्डे खणत सुटलो. आबा दोनदा ओट्यावरून उठून आले.

"पोरा, दोरी चुकनी तुन्ही. लई अलीकडे गयी."

"मन्ही जागा शे. मी काही बी करसू."

"अरे, पण ते लिंबू..."

"लिंबूनं मी देखी लिसू."

मग ते ओट्यावर जाऊन बसले. दोन दिवसांत सोळा पोल सिमेंट-खडी घालून पक्के केले. तिसऱ्या दिवशी तार ओढली. शेवटची गाठ मारली, घाम पुसला आणि आपलं काम बघायला चार पावलं मागं सरकलो. कुंपण एकदम सरळ आलं होतं. भाऊला आवडलं असतं. फक्त लिंबू तारेच्या पलीकडे होतं.

दोनदा पुसून पाहिले डोळे. लिंबू पलीकडेच. त्याच्या शेजारी आबांची एक बकरी उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

आता पोल काढायचे, तर सिमेंट धरलेलं. आणि आबांसमोर काढायचे? ते शक्य नव्हतं. मी बादली घेतली आणि तारेवरून उडी मारून लिंबाला पाणी घालायला गेलो. जाताना पँट फाटली, येताना हात. आबा ओट्यावरून सगळं बघत होते आणि हसत नव्हते, त्याचा मला जास्त राग आला.

सकाळी उठून बघतो, तर आबा बाभळीचे काटे आणून लिंबाभोवती रचताहेत. म्हणजे बघा, आधी हरकत, मग जागा, आता झाड. ताबाच घेतला. भाऊचं लिंबू आमच्या डोळ्यांदेखत जाणार होतं. मी कागद खिशात घातला आणि पंचायतीत गेलो. दाखल्यासाठी पाच-सहा माणसं बसलेली होती. म्हटलं, बरंच आहे, होऊ द्या सगळ्यांसमोर. शिपायाला आबांना बोलवायला पाठवलं.

आबा आले. मी कागद टेबलावर आपटला.

"साहेब, वाचा. मोठ्यानं वाचा."

ग्रामसेवकानं चष्मा लावला. "लोटन, ना हरकत."

"हेच. ऐकलं सगळ्यांनी? लोटनना हरकत."

"लोटनना नाही हो. लोटन. मग ना हरकत."

"म्हणजे?"

"म्हणजे लोटन यांची काही हरकत नाही. रेषेवर खुशाल पोल रोवा म्हणाले ते. मी सही घ्यायला गेलो, तर वर मलाच रागावले, की पोराला एवढ्यासाठी कशाला फिरवता."

मग बाकावरचा एकजण हळूच म्हणाला, "म्हणजे आबानी हो म्हणेल होतं?"

"हो."

"अन् हाऊ तीन फूट..." त्यानं पुढचं पोटातच ठेवलं. फार सज्जन माणूस.

आबा म्हणाले, "काटा मी टाक्यात. बकऱ्या मन्ह्या, लिंबू त्याना भाऊनं. बकऱ्यासले कोन सांगी? याले सांगं, तर हाऊ आयकस का?"

दोन महिन्यांत मी कुणासमोर रडलो नव्हतो. तिथंही रडलो नाही. पाणी मागितलं. शिपायानं तांब्या दिला, तो मी सगळा प्यालो आणि तसाच बसून राहिलो. आबाही शेजारी बसले. शेवटी म्हणाले, "चाल, घर जाऊत. लिंबूले पानी घालनं शे."

दोन दिवसांनी वहिनी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तारेपाशी गेली.

"लिंबू आबांना दिलं का?"

"नाही."

"मग?"

सगळं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, रडवलं मी हिला. ती हसत होती. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता खाली बसली आणि मग थोडा वेळ रडलीही, पण ते वेगळं होतं.

पोल आम्ही काढले नाहीत. आबा म्हणाले, दोन पोलांमधली तार सोड आणि फाटक कर. तसं केलं. त्याच्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा आबांची सही. या वेळी कागद वहिनीनं वाचला, मी लांब उभा होतो. आता पाणी कधी मी घालतो, कधी आबा. लिंबाला नवी पालवी आली आहे. काटे आबा बदलतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं. पण पुढं ग्रामसभा झाली. गावात हद्दीवरून भांडणं फार, म्हणून ग्रामसेवक कुंपणाचे नियम समजावून सांगत होता. बोलता बोलता त्यानं माझं नाव घेतलं. "शेजाऱ्याची हरकत नसताना, नियम फूटभर म्हणत असताना, या तरुणानं स्वखुशीनं तीन फूट सोडले. याला म्हणतात सामंजस्य."

टाळ्या. मला पुढं बोलावलं, शाल घातली, हातात नारळ दिला. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर पहिल्या रांगेतून आबांनी शर्ट ओढला. "गप ऱ्हाय. बठ्ठा लोके टाळ्या वाजाडी ऱ्हायनात."

आणि त्याच संध्याकाळी दोन माणसं माझ्या दारात. एक वरच्या गल्लीतला, एक वेशीजवळचा. दोघांचंही म्हणणं एकच, की आमच्या शेजारची मोकळी जागा विकायला निघाली आहे, ती तुम्हीच घ्या, शेजारी असावा तर असा. वरच्या गल्लीतला तर म्हणाला, मोजणीही नको, दोरी तुम्हीच धरा.